विहिरीवरचं सिमकार्ड

विहिरीवरच्या मोटरीला सिमकार्ड कशाला हवं, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज पाळीने येते. रात्रीची पाळी आली की अंधारात बांधावरून विहिरीपर्यंत जायचं, पायाखाली साप-विंचू आणि जुन्नरसारख्या भागात उसात बिबट्या. एवढं करून काम काय, तर स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. यावर पहिला उपाय निघाला ‘ऑटो’चा, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू. दुसरा मोबाईल स्टार्टरचा. पेटीत एक जीएसएम मॉड्यूल आणि सिम. घरून त्या नंबरला फोन लावायचा, एक आकडा दाबला की मोटर चालू, दुसरा दाबला की बंद.

त्या रचनेत एक गुण होता, तो नंतर हरवला. फोन लागला तर लागला, नाही लागला तर नाही. हुकूम देणारा माणूस आणि हुकूम घेणारी पेटी एकाच क्षणी एकाच लाईनवर असत. पण तीन मोटरी, ठिबकचे व्हॉल्व्ह आणि सामाईक विहिरीतला चुलत्यांचा वाटा हे सगळं त्या एका फोनवरून सांभाळता येत नाही. मोटर किती तास चालली, कोणत्या फेजला किती अँपिअर होते, काल कुणी बंद केली, हे लिहून ठेवणारं कुणीतरी लागतं. म्हणून मध्ये क्लाउड आला. आता तुमचा फोन आणि स्टार्टर एकमेकांशी बोलतच नाहीत. दोघंही दूरच्या एका सर्व्हरशी बोलतात आणि तो निरोप इकडून तिकडे देतो.

‘डिव्हाइस क्लाउडला जोडलं’ असं म्हटलं की काम संपल्यासारखं वाटतं. तयार मॉड्यूल, तयार लायब्ररी, टेबलावर दुपारभर बसलं की पहिला आकडा पडद्यावर दिसतो. माझ्या मते ते या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम. अवघड आहे ती जोडणी तुटल्यानंतरची वागणूक. आणि शेतात ती रोज तुटते.

सुरुवात पेटीतल्या मॉड्यूलपासून करू. ते टॉवरशी बोलू लागतं तेव्हा त्याला विजेचा झटका लागतो. टू-जीचं मॉड्यूल पाठवताना ५७७ मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत बोलतं आणि त्या तुकड्यात दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं. असे तुकडे सेकंदाला सुमारे २१७. रेडिओजवळ जुना मोबाईल ठेवला की फोन वाजण्याआधी जी टर्रटर्र ऐकू यायची, ती हीच. पॉवर सप्लाय स्वस्तातला असेल तर त्या झटक्याला व्होल्टेज बसतं, मॉड्यूल रीसेट होतं, पुन्हा टॉवर शोधू लागतं, पुन्हा झटका, पुन्हा रीसेट. बाहेरून दिसतं ते इतकंच की ‘रेंज नाही’.

रेंज आहे की नाही हे मॉड्यूलला विचारता येतं. ते ० ते ३१ मधला आकडा सांगतं. १० म्हणजे उणे ९३ डीबीएम, ९९ म्हणजे मोजताच येत नाही. मात्र आकडा चांगला असूनही टॉवर नोंदणी नाकारू शकतो, कारण रिचार्ज संपलेला असतो. यात तंत्रज्ञान म्हणावं असं काही नाही, पण गप्प पडलेल्या यंत्रांच्या मागे पुष्कळदा हे कारण असतं. माणसाच्या सिमची मुदत संपली की त्याला लगेच कळतं. विहिरीवरच्या सिमचं दुःख कुणाला कळणार? यंत्रांसाठी भारतात वेगळी एम-टू-एम सिम आहेत. त्यांना १ जुलै २०१८ पासून तेरा आकडी नंबर देण्याचं दूरसंचार विभागाने ठरवलं. तुमच्या स्टार्टरचा नंबर दहा आकडीच असेल, तर आत बहुधा साधं मोबाईलचं सिम आहे.

नोंदणी झाली, डेटा सुरू झाला, यंत्राला इंटरनेटवरचा पत्ता मिळाला. आता सर्व्हरने त्या पत्त्यावर ‘मोटर चालू कर’ एवढं पाठवलं की झालं, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात एकूण सुमारे ४३० कोटी आहेत आणि ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून मोबाईल कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे खूप ग्राहक बसवतात आणि प्रत्येकाला आतला, खासगी पत्ता देतात. आतून बाहेर कुणी बोललं की कंपनीचं यंत्र एका तक्त्यात नोंद करतं, आणि उत्तर आलं की त्या नोंदीवरून ते परत आत पाठवतं. बाहेरून आपणहून आलेल्याची नोंद नसते, त्यामुळे तो दारातच अडतो. पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, आयपीव्ही-६ मध्ये, पत्ते मुबलक आहेत. तरीही सुरक्षेसाठी बाहेरून येणारी वाट बहुधा बंदच ठेवलेली असते.

म्हणजे क्लाउड सहसा आपणहून यंत्राला हाक मारू शकत नाही. यंत्रानेच बाहेर जाऊन जोडणी उघडायची आणि ती उघडी ठेवून वाट पाहायची. त्यातही त्या तक्त्यातली नोंद काही काळ शांतता राहिली की पुसली जाते. अशी जोडणी किमान दोन तास चार मिनिटं लक्षात ठेवावी, अशी इंटरनेटच्या नियमांची शिफारस आहे. प्रत्यक्षात काही नेटवर्क त्याच्या कितीतरी आधी विसरतात, आणि विसरल्याचं कुणालाच सांगत नाहीत. यंत्राला वाटतं आपण जोडलेले आहोत, सर्व्हरलाही तसंच वाटतं, आणि मधली वाट मात्र नाहीशी झालेली असते.

म्हणून यंत्र ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असं कळवत राहतं. हे काम करणारी सगळ्यात रुळलेली बोली म्हणजे एमक्यूटीटी. आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्कॉमचे आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये ती बांधली ती तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. मध्ये उपग्रहाची महागडी, बेभरवशाची लाईन होती, त्यामुळे बोली काटकसरी झाली. त्यातला ‘मी आहे’ हा संदेश फक्त दोन बाइटचा. त्यावर कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, करण्याचे २९ आणि पत्त्यांचे ४० बाइट चढतात, म्हणजे मजकूर दोनचा आणि पाकीट एकोणसत्तरचं. तितकंच उत्तर, वर पोच मिळाल्याची एक पावती. दर चार मिनिटांनी हे केलं तर दिवसाला ३६० फेऱ्या, सुमारे ६५ किलोबाइट; महिन्याला दोन एमबी. काहीही न सांगता नुसतं हजर राहण्याचा हा खर्च. एका स्टार्टरला तो नगण्य आहे, लाखभर यंत्रं चालवणाऱ्या कंपनीला नाही.

एमक्यूटीटीत मध्ये एक दलाल असतो, त्याला ब्रोकर म्हणतात. स्टार्टर आपल्या नावाच्या विषयावर कान ठेवून असतो, तुमचं ॲप त्या विषयावर हुकूम टाकतं, ब्रोकर तो पोचवतो. फीडरची लाईट गेली की स्टार्टर निरोप न घेताच मरतो. ब्रोकर ठरलेल्या वेळेच्या दीडपट थांबतो आणि मग ते यंत्र गेलं असं मानतो. चार मिनिटांची वेळ ठरली असेल तर सहा मिनिटांपर्यंत ॲपवर हिरवा ठिपका दिसत राहतो आणि शेतात अंधार असतो. गेल्याची खात्री झाली की ब्रोकर यंत्राने जोडणीच्या वेळीच लिहून ठेवलेला शेवटचा निरोप जाहीर करतो: ‘मी आता नाही.’ मृत्युपत्राची ही सोय फार देखणी आहे आणि पुष्कळजण ती वापरतच नाहीत.

द्राक्षबागेतल्या सेन्सरचं गणित वेगळं. नाशिककडे पानांची ओल आणि हवा मोजून केवडा, भुरी हे रोग कधी पडतील याचा अंदाज देणारी यंत्रं बागेत उभी असतात. त्यांना लाईन नसते, बॅटरी किंवा छोटं सौर पॅनेल असतं. दर चार मिनिटांनी हजेरी देणं त्यांना परवडत नाही. अशांसाठी २०१६ मध्ये एनबी-आयओटी हे मानक आलं. फक्त १८० किलोहर्ट्झची अरुंद पट्टी, वेग नावापुरता, पण तोच संदेश पुन:पुन्हा पाठवून टू-जीपेक्षा २० डीबी अशक्त सिग्नलमध्येही तग धरणारं. त्यातलं यंत्र टॉवरला सांगून झोपू शकतं. नियमानुसार ही झोप ४१३ दिवसांपर्यंत जाऊ शकते. झोपलेल्याला मात्र कुणीच उठवू शकत नाही, ते स्वतः जागं होईल तेव्हाच हुकूम घेईल. पानांची ओल कळवणाऱ्याला हे चालतं, मोटरीला नाही. विहिरीवरच्या नव्या पेट्यांत त्यामुळे फोर-जीचं कॅट-वन मॉड्यूल दिसू लागलं आहे: वेग १० एमबीपीएसपर्यंत, मोटरीला लागतो त्याच्या कित्येक पट.

आता खऱ्या धोक्याकडे येऊ. धाकट्या भावाने रात्री नऊला ॲपवर ‘चालू’ दाबलं. टॉवर बंद होता, काही झालं नाही. त्याने बेत बदलला आणि झोपला. ब्रोकरला मात्र ‘संदेश पोचलाच पाहिजे’ अशी ताकीद दिलेली आहे, आणि यंत्र नसताना आलेले संदेश जपून ठेवायचीही. पहाटे दोनला टॉवर आला, स्टार्टर जोडला गेला, ब्रोकरने इमानेइतबारे पाच तासांपूर्वीचा हुकूम हातात ठेवला. मोटर सुरू. विहिरीत पाणी नसेल तर ती कोरडी फिरते. हाच प्रकार दिवसा झाला आणि वायरमनचा हात स्टार्टरमध्ये असला तर काय होईल ते सांगायला नको. यात कुठलाही भाग बिघडलेला नाही. प्रत्येकाने नेमून दिलेलं काम चोख केलं. जुन्या फोनवाल्या स्टार्टरमध्ये हे होऊच शकत नव्हतं, हे विसरता येत नाही.

‘पोचलाच पाहिजे’ या ताकिदीची आणखी एक बाजू आहे. पावती वाटेत हरवली तर ब्रोकर तोच संदेश पुन्हा पाठवतो. हुकूम ‘स्थिती उलट कर’ असा असेल तर दोनदा पोचल्यावर चालू झालेली मोटर बंद होते. म्हणून हुकूम असा हवा की तो दहा वेळा पोचला तरी परिणाम एकच: ‘चालू स्थितीत ये.’

मोठ्या क्लाउड कंपन्यांनी यासाठी एक सोय दिली आहे. ॲमेझॉन तिला डिव्हाइस शॅडो म्हणतं, मायक्रोसॉफ्ट डिव्हाइस ट्विन. क्लाउडवर प्रत्येक यंत्राची एक नोंदवही असते, तिच्यात दोन रकाने: कसं असायला हवं आणि कसं आहे. यंत्र परत जोडलं गेलं की फरक पाहतं आणि स्वतःला जुळवून घेतं. ओव्हरलोडची मर्यादा किती, कोरडी मोटर किती सेकंदांत बंद करायची, अशा सेटिंगसाठी ही वही उत्तम. मोटर सुरू करण्याच्या हुकमासाठी मी ती वापरणार नाही. ‘चालू असायला हवी’ ही इच्छा त्या रकान्यात कुणी खोडेपर्यंत पडून राहते, आणि आपण लेखात आधी पाहिलेला पहाटेचा प्रकार तीन दिवसांनीसुद्धा होऊ शकतो. ‘बंद कर’ची गोष्ट वेगळी, ती उशिरा पोचली तरी सहसा नुकसान करत नाही. चालू आणि बंद हे दोन हुकूम एकाच मापाने मोजायचे नसतात, आणि तयार लायब्ररी दोघांना एकच माप लावते.

एमक्यूटीटीच्या २०१९ च्या पाचव्या आवृत्तीत संदेशाला मुदत देता येते. साठ सेकंदांत पोचला नाही तर ब्रोकर तो फेकून देतो. तरी ही मुदत ब्रोकरच्या हातात असेपर्यंतचीच. त्याने पाठवल्यावर वाटेत किती रेंगाळला हे त्याला कळत नाही. खात्रीची रीत अशी की हुकमातच ‘अमुक वाजेपर्यंत ग्राह्य’ असं लिहायचं आणि ते स्टार्टरने स्वतः तपासायचं. मोटर चालू झाल्याचं ॲपने कधी सांगावं, हाही तसाच प्रश्न. हुकूम निघाला तेव्हा नव्हे, स्टार्टरला मिळाला तेव्हाही नव्हे. तिन्ही फेजमधून करंट वाहताना मोजला गेला तेव्हाच. कॉन्टॅक्टर ओढला गेला आणि एक फेज गायब असली तर ॲपवर ‘चालू’ दिसत असताना मोटर जळत असते.

पण ‘अमुक वाजेपर्यंत’ तपासायचं तर घड्याळ बरोबर हवं. लाईट गेलेल्या, बॅटरी नसलेल्या पेटीत ते पुन्हा शून्यापासून सुरू होतं, आणि तिथला शून्य म्हणजे मॉड्यूलच्या बनावटीप्रमाणे १९७० किंवा १९८० साल. त्यामुळे दुसराच घोळ होतो. सर्व्हर खरा आहे हे पटण्यासाठी यंत्र त्याचं प्रमाणपत्र तपासतं, त्यावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ लिहिलेलं असतं. १९८० मध्ये जागं झालेल्या स्टार्टरच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मायचं आहे, म्हणून तो जोडणी नाकारतो. इलाज साधा: आधी टॉवरकडून किंवा इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरकडून वेळ घ्यायची, मग कुलूप तपासायचं. आळशी इलाजही आहे, तपासणीच बंद करून टाकायची. सगळं सुरळीत चालतं, आणि तुमच्या मोटरीला कुणीही ‘मीच सर्व्हर’ म्हणून हुकूम देऊ शकतो.

फीडरवर लाईट परत येते तो क्षण तर पाहण्यासारखा असतो. विजेच्या बाजूने तो महावितरणला चांगलाच ठाऊक आहे. इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. ‘ऑटो’ लावलेल्या सगळ्या मोटरी एकाच सेकंदाला उठल्या की व्होल्टेज कोसळतं, डीपी जळतो. म्हणून ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा, असं आवाहन सतत चाललेलं असतं. क्लाउडच्या बाजूने नेमकं तेच घडतं. त्या फीडरवरची सगळी मॉड्यूलं एकदम जागी होतात, एकाच टॉवरवर नोंदणी मागतात, एकाच सर्व्हरशी जोडणी करू पाहतात. कुलूपबंद जोडणीची पहिली बोलणी काही किलोबाइटची असतात, नेहमीच्या संदेशांपेक्षा कितीतरी जड. निम्म्यांना अपयश येतं. सगळ्यांत एकच प्रोग्रॅम, ‘तीस सेकंदांनी पुन्हा प्रयत्न कर’. तीस सेकंदांनी तीच झुंबड.

उपाय दोन्हीकडे एकच आहे. प्रत्येकाने वेगवेगळा आणि यदृच्छ वेळ थांबायचं, आणि अपयश आलं की थांबण्याचा अवधी दुप्पट करत न्यायचा. इथेही एक खाच आहे. स्वस्त मायक्रोकंट्रोलरमधली ‘यदृच्छ’ संख्या ही एका बीजापासून गणिताने काढलेली असते. सगळ्या पेट्यांत बीज तेच असेल तर सगळ्या पेट्या तीच ‘यदृच्छ’ संख्या काढतात आणि पुन्हा एकत्रच उठतात. मॉड्यूलचा पंधरा आकडी आयएमईआय प्रत्येकाचा वेगळा असतो. तो बीजात मिसळला की प्रश्न मिटतो.

ओळखीचा मुद्दा अजून राहिला. सिममध्ये १२८ बिटांची एक गुप्त किल्ली असते आणि ती कधीच बाहेर येत नाही. नेटवर्क एक यदृच्छ संख्या पाठवतं, सिम किल्ली वापरून तिचं उत्तर देतं, नेटवर्क पडताळतं. टू-जीत ही परीक्षा एकतर्फी होती, नेटवर्क खरं आहे का हे यंत्र विचारत नसे. थ्री-जीपासून दोघंही एकमेकांना तपासतात. पण त्यातून फक्त सिमची मोबाईल कंपनीला ओळख पटते. स्टार्टरची क्लाउडला ओळख पटत नाही, कारण सिम काढून दुसऱ्या कशातही घालता येतं. म्हणून प्रत्येक पेटीला तिची स्वतःची दुसरी किल्ली आणि प्रमाणपत्र लागतं, आणि त्या प्रमाणपत्राला फक्त स्वतःच्याच विषयावर बोलण्या-ऐकण्याची मुभा असावी लागते. कारखान्यात प्रत्येक पेटीत वेगळी किल्ली भरणं वेळखाऊ आहे, त्यामुळे सगळ्यांना एकच पासवर्ड देण्याचा मोह होतो. मग भंगारात गेलेली एक पेटी उघडली की तालुक्यातल्या सगळ्या मोटरी हाताशी. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि राउटर काबीज केले आणि ऑक्टोबरात अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या वेबसाइटी बंद पाडल्या, त्यामागे हीच वृत्ती होती. सिममधलीच सुरक्षित जागा क्लाउडच्या किल्लीसाठी वापरायची, अशी एक पद्धत मोबाईल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने आखली आहे. मला ती पटते, कारण किल्ली लपवायला सिमइतकी मुरलेली जागा पेटीत दुसरी नसते.

शेवटचा पेच वयाचा. मोटर चांगली निघाली तर पंधरा वर्षं चालते, तिच्याभोवतीचं बाकी काहीच तेवढं टिकत नाही. गूगलने आपली आयओटी कोअर ही सेवा १६ ऑगस्ट २०२३ ला बंद केली, एक वर्षाची सूचना देऊन. ३० सप्टेंबर २०२१ ला एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली तेव्हा, ज्यांच्यात नवं भरलेलं नव्हतं अशा कितीतरी जुन्या यंत्रांच्या जोडण्या तुटल्या. अमेरिकेत एटी अँड टीने २०१७ च्या सुरुवातीला टू-जी संपवलं. आपल्याकडे उलट झालं, एअरटेलने थ्री-जी आधी बंद केलं आणि टू-जी ठेवलं. जिओकडे तर २०१६ पासून टू-जी नव्हतंच. सर्व्हरचा पत्ता, मूळ प्रमाणपत्र आणि खुद्द प्रोग्रॅम हे तिन्ही दुरून बदलता आले नाहीत, तर त्या बदलासाठी कुणीतरी मोटरसायकल काढून प्रत्येक विहिरीवर जायचं. दुरून बदलायचं तर मेमरीत दोन जागा हव्यात: नवा प्रोग्रॅम दुसऱ्या जागेत उतरवायचा, त्याने क्लाउडशी जोडणी करून दाखवली तरच तो कायम, नाही तर जुना परत. आणि मोटर चालू असताना हे करायचं नाही.

पेटी घेताना मी दुकानदाराला ॲपबद्दल फार विचारणार नाही. सिम काढून टाका आणि हिरवं बटण दाबा, एवढंच सांगेन. मोटर सुरू झाली नाही, किंवा ओव्हरलोड झाल्यावर बंद पडली नाही, तर बटणाच्या आणि ओव्हरलोडच्या तारा मॉड्यूलमधून फिरवलेल्या आहेत. ती पेटी नको.